पाहुणा नसलेल्या मैदानावरचा पाहुणा

पाटाकडील तालीम मंडळ आणि शिवाजी तरुण मंडळ यांचा सामना शाहू स्टेडियमवर असला की अर्धं कोल्हापूर तिकडं वळतं. एका अंगाला मंगळवार पेठ, दुसऱ्या अंगाला शिवाजी पेठ, मध्ये पोलीस. हलगी कडाडत असते, एकमेकांच्या नावानं शंख चाललेला असतो. या गदारोळात एक गोष्ट कुणाच्या ध्यानातच येत नाही. या सामन्यात पाहुणा संघ नसतो. दोन्ही संघांचं घर हेच मैदान. दिलबहार, बालगोपाल, खंडोबा, प्रॅक्टिस, फुलेवाडी, संध्यामठ, सगळ्यांचं घर हेच. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनची, म्हणजे केएसएची, वरिष्ठ गटाची लीग याच एका गवतावर रंगते.

फुटबॉलच्या जगात ही गोष्ट दुर्मीळ आहे. इंग्लंडमध्ये बहुतेक क्लबना आपलं मैदान असतं आणि दर आठवड्याला निम्मे संघ दुसऱ्याच्या दारात खेळायला जातात. त्यांच्यामागे त्यांचे पाठीराखे रेल्वे, बस, मिळेल ते वाहन पकडून निघतात. प्रीमियर लीगच्या नियमानुसार पाहुण्या पाठीराख्यांना तीन हजार जागा मिळू शकतात. मैदान लहान असेल तर एकूण जागांच्या दहा टक्के. २०१६-१७च्या हंगामापासून त्यांच्या तिकिटाला ३० पौंडांची कमाल मर्यादा घातली आहे. कोपऱ्यातले हे दोन-तीन हजार लोक गप्प झाले तर पन्नास हजारांचं मैदानही अळणी होतं, हे लीग चालवणाऱ्यांना पक्कं कळलेलं आहे.

कोल्हापुरात वेगळी मैदानं का नाहीत, याचं उत्तर संघांच्या नावांतच दिसतं. तालीम मंडळ. ही कुस्तीची घरं. राजर्षी शाहू महाराज मूळचे कागलच्या घाटगे घराण्यातले. १८८४ मध्ये ते कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आले. त्यांनी गल्लोगल्लीच्या तालमींना बळ दिलं आणि रोममधला जुना आखाडा मनात ठेवून १९१२ मध्ये खासबागेचं कुस्ती मैदान उभं केलं. भोवती चढत गेलेली बैठक, मधोमध हौदा. शेवटच्या ओळीतल्या माणसालाही पैलवानाची पकड दिसावी अशी रचना. सराव ज्याच्या त्याच्या तालमीत आणि फड मात्र सगळ्यांचा एक, ही कुस्तीची रीत. पुढं तालमीतल्या पोरांनी लाल मातीशेजारी फुटबॉल मांडला तेव्हा तीच रीत चेंडूसोबत आली. म्हणून इथं क्लबाला पेठ आहे, मंडळाची खोली आहे, पण स्वतःचं स्टेडियम नाही.

मग कोल्हापुरात पाहुणा कोण? माझ्या मते तो वीसेक किलोमीटरवरून येतो, मोटारसायकलवर, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र तसंच ठेवून.

कागल-हातकणंगले पंचतारांकित एमआयडीसी हे नाव ऐकून बाहेरच्या माणसाला हॉटेलं आठवतात. तो औद्योगिक क्षेत्राचा सरकारी दर्जा आहे. बुटीबोरी आणि शेंद्राही याच यादीतले. इथं किर्लोस्करची इंजिनं तयार होतात, रेमंडचं तलम सुती शर्टिंग विणलं जातं, आणखी कितीतरी कारखान्यांत कास्टिंग आणि मशिनिंग चालतं. समजा, तुम्ही इथं पहिल्या पाळीला आहात. गाव नांदेडकडचं नाहीतर बिहारातलं, खोली कसबा सांगावला किंवा तळंदग्याला. पाळी सुटली, पंचिंग झालं, लक्ष्मी टेकडीवरून हायवेला लागलात, गोकुळ शिरगाव मागं पडलं, ऊस भरलेल्या ट्रॅक्टरच्या दोन ट्रॉल्या चुकवत उजळाईवाडी आली. तिकीट काढून आत शिरलात आणि शेजारच्या माणसानं पहिला प्रश्न टाकला: ‘कुठल्या पेठेतलं?’

या प्रश्नाला तुमच्याकडं उत्तर नाही. आणि ज्याला पेठ नाही, त्याला या मैदानावर सगळ्यात मोठी गंमत बघायला मिळते.

ती समजायला थोडं मागं जाऊ. घरच्या मैदानावर संघ जास्त जिंकतात, हे फुटबॉलमधलं जुनं आणि जगभर आढळणारं वास्तव आहे. का जिंकतात, यावर अभ्यासकांचं डोकं कित्येक वर्षं चाललंय. संशयित चार. पाहुण्यांचा प्रवास आणि शीण. घरच्या मैदानाची ओळख. आपल्या हद्दीत चढणारा आवेश. आणि गर्दी. आवेशाचं म्हणाल तर तो थुंकीतही सापडला आहे: नॉर्थंब्रिया विद्यापीठाच्या निक नीव्ह आणि सँडी वुल्फसन यांनी २००३ मध्ये दाखवलं की घरच्या सामन्याआधी खेळाडूंच्या लाळेत टेस्टोस्टेरॉन जास्त असतं आणि समोर कट्टर वैरी असला तर आणखी चढतं. पण खरी चुरशीची तपासणी झाली ती गर्दीची.

२००२ मध्ये अॅलन नेव्हिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधा प्रयोग केला. लिव्हरपूलच्या अॅनफिल्ड मैदानावरच्या लिव्हरपूल-लेस्टर सामन्यातले ४७ प्रसंग त्यांनी चित्रफितीवर काढले आणि ४० पात्र पंचांना दाखवले. काहींना प्रेक्षकांच्या आवाजासकट, बाकीच्यांना आवाज पूर्ण बंद करून. फाऊल आहे की नाही, एवढंच सांगायचं. ज्यांनी आवाज ऐकला त्यांनी घरच्या संघाविरुद्ध सुमारे साडेपंधरा टक्के कमी फाऊल दिले. चित्र तेच, धक्का तोच, पाय तोच. बदलला तो फक्त आवाज. आणि हे पंच मैदानावर नव्हते, त्यांना कुणी शिव्या देत नव्हतं, सामना संपल्यावर गेटवर कुणी अडवणार नव्हतं. खोलीत खुर्चीवर बसलेल्या माणसाच्या डोळ्यांना कान फितवत होते.

स्पेनमधला दाखला तर घड्याळातच सापडतो. तिथल्या लीगमध्ये सरासरी तीनेक मिनिटं जादा वेळ मिळायचा. घरचा संघ एका गोलनं मागं असेल तर तो चार मिनिटांच्या आसपास जायचा आणि एका गोलनं पुढं असेल तर दोनवर यायचा. लुईस गारिकानो आणि सहकाऱ्यांनी हा हिशेब २००५ मध्ये मांडला. पंचांनी पैसे खाल्ले असं कुणी म्हटलं नाही, म्हणायचं कारणही नाही. हजारो माणसं एका सुरात अजून थोडा वेळ मागत असतील तर माणसाचा अंगठा शिट्टीपाशी जरा रेंगाळतो, इतकंच.

मग कोरोना आला आणि एरवी कुणी करू धजलं नसतं असा प्रयोग आपोआप झाला. १६ मे २०२० ला जर्मनीची बुंदेसलिगा रिकाम्या मैदानांवर पुन्हा सुरू झाली. प्रवास होता, मैदानाची ओळख होती, फक्त माणसं नव्हती. घरच्या विजयांचं प्रमाण सुमारे ४३ टक्क्यांवरून ३३च्या आसपास घसरलं. युरोपभर नंतर झालेल्या अभ्यासांत पाहुण्या संघांना मिळणारी जास्तीची पिवळी कार्डंही कमी झालेली दिसली.

आता कोल्हापूरकडं येणारा रस्ता पाहा. इटलीत मिलानचे दोन्ही संघ सान सिरोवर खेळतात, रोमचे दोन्ही ऑलिम्पिकोवर. या एकाच मैदानावरच्या लढतींत प्रवास शून्य आणि ओळख सारखी. नावापुरता ज्याचा यजमानपणा त्याचे प्रेक्षक तेवढे जास्त. मिकेला पोंझो आणि विन्चेंझो स्कोप्पा यांनी अशा सामन्यांचा हिशेब मांडला आणि तिथंही ‘घरच्या’ संघाला ठसठशीत फायदा मिळत असल्याचं दाखवलं. चारपैकी दोन संशयित वगळले तरी गुन्हा घडलाच, म्हणजे गर्दीवरचा संशय दाट झाला.

कोल्हापूर त्याच्याही पुढं आहे, आणि मला याचं खरोखर नवल वाटतं. इथं नावापुरता यजमानही नाही. कुणाकडं किती गर्दी, हे त्या दिवशी कोण किती माणसं आणतं त्यावर ठरतं. मोठ्या पेठेचे दोन संघ भिडले तर गॅलरी मध्यावर चिरल्यासारखी. पण बलाढ्य संघासमोर लहान मंडळ उतरलं की ते मंडळ आपल्याच गावात, आपल्याच मैदानावर पाहुणं होतं. पुढच्या आठवड्यात त्याच गवतावर ते यजमान होईल. यजमानपण दर सामन्याला नव्यानं कमवायचं, अशी ही व्यवस्था आहे, आणि ती कुठल्या संशोधकानं आखलेली नाही. तालमींच्या ईर्षेतून आपसूक घडली आहे.

यात हलगीचं काम मोठं. आवाजाचं गणित विचित्र असतं. माणसं दहापट झाली तर आवाज दहा डेसिबलनं चढतो आणि कानाला तो दहापट नव्हे, साधारण दुप्पट वाटतो. म्हणजे समोर पाच हजार आणि इकडं पन्नास, तरी कानापुरता फरक शंभरपट नसून चारेक पट. लहान मंडळाला इथंच फट सापडते. पाच हजारांचा कल्ला विस्कळीत असतो, एकातून दुसरा निघत नाही. पन्नास जण एकाच ठेक्यावर ओरडले की आवाज त्या त्या क्षणाला गोळा होतो आणि मधल्या शांततेमुळं उठून दिसतो. त्यात हलगी. कड्यावर ताणलेलं कातडं, वाजवण्याआधी जाळावर धरून तापवलेलं. ओल उडाली की ते आवळतं आणि सूर चढतो. एका हातात जाड टिपरू, दुसऱ्यात बारीक लवलवती काडी. बारीक काडीचा तो तडतडाट उंच पट्टीतला आणि तुटक असतो, म्हणून माणसांच्या घोंगावण्याच्या वरून तो पार पलीकडच्या गोलरक्षकापर्यंत पोचतो. खासबागेत पैलवानाच्या अंगात वारं भरणारं वाद्य तेच, काम तेच. पन्नास माणसं आणि दोन हलग्या असलेलं मंडळ पाहुणं वाटत नाही.

आणि इथं पंचतारांकितहून आलेल्या तुमची किंमत आहे. पेठ नसलेला प्रेक्षक तटस्थ असतो आणि तटस्थ माणूस फार वेळ तटस्थ राहू शकत नाही. तो बहुधा हरणाऱ्याकडं झुकतो. लहान मंडळानं एक गोल फेडला की गॅलरीतले सगळे बिनपेठेचे लोक एकदम उभे राहतात आणि पाच मिनिटांत यजमान बदलतो. कोल्हापूरच्या संघांतून खेळणारे परदेशी खेळाडूही असेच बिनपेठेचे येतात; चार चांगले सामने झाले की गल्लीतली पोरं त्यांना नावानं हाका मारतात.

गर्दी सगळं करते असं मात्र समजू नये. २०१७ मध्ये सतरा वर्षांखालील विश्वचषक भारतात झाला. कोल्हापूरचा अनिकेत जाधव त्या संघात होता. दिल्लीत हजारो लोक आपल्या बाजूनं ओरडत होते आणि अमेरिका, कोलंबिया, घाना या तिघांकडूनही आपण हरलो. उलट ४ मे २०२४ ला कोलकात्याच्या सॉल्ट लेक स्टेडियमवर मोहन बागानच्या हजारो पाठीराख्यांसमोर मुंबई सिटीनं एका गोलच्या पिछाडीवरून ३-१ असा इंडियन सुपर लीगचा अंतिम सामना जिंकला. गर्दी पारडं हलवते. पारड्यात टाकायला आधी खेळ लागतो.

आणि ती पारडं सोडून माणसांनाही हलवते. अर्जेंटिनात २०१३ मध्ये एका पाठीराख्याचा जीव गेल्यावर पाहुण्या प्रेक्षकांना मैदानबंदीच झाली. आपल्याकडंही हुल्लडबाजीनं सामने थांबलेत, खुर्च्या-बाटल्या उडाल्यात. बंदी आली तर सगळ्यात आधी मरेल ती हीच अजब, घराविना घर असलेली लीग. कारण इथं पाहुणे वगळायचे म्हटलं तर निम्मं गावच वगळावं लागेल.

म्हणून एक विनंती, आणि ती शिवाजी विद्यापीठात संख्याशास्त्र शिकणाऱ्या मुलामुलींना आहे. एक हंगाम शाहू स्टेडियमच्या गॅलरीत वही घेऊन बसा. कुठल्या बाजूला अंदाजे किती माणसं, हलग्या किती, फाऊल कुणाविरुद्ध, कार्डं कुणाला, जादा वेळ किती आणि तेव्हा पुढं कोण होतं, एवढंच लिहा. प्रवास आणि मैदान दोन्ही वगळून निव्वळ गर्दी मोजायची अशी सोय मिलानवाल्यांनाही पूर्ण मिळालेली नाही. तुमच्या वसतिगृहापासून ती रिक्षाच्या अंतरावर आहे. फक्त कुठल्या पेठेतलं असं विचारलं, तर वही दाखवा.