बदलापूरची वीज ६४ सेकंद कुठे अडकते?

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर. रेल्वेने जेमतेम दहा किलोमीटरचा पट्टा. ऑक्टोबरात भातकापणीच्या दिवसांत दुपारी ऊन रणरणतं आणि संध्याकाळी मलंगगडाच्या बाजूने गडगडायला लागतं. या विजा अवकाशातून कशा दिसल्या, हे बघायला मी एलआयएसचा डेटा वापरते. हा कॅमेरा २०१७ ते २०२३ या काळात आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर होता. सेकंदाला सुमारे ५०० चित्रं, एक पिक्सेल साधारण ४ किलोमीटरचा. म्हणजे आपली तिन्ही शहरं दोन-तीन पिक्सेलमध्ये मावतात! स्थानक डोक्यावरून जाताना एखादी जागा त्याला जेमतेम दीड मिनिट दिसते.

प्रयोगशाळेत पिढीजात चालत आलेली एक स्क्रिप्ट या फाइली वाचते. तिच्यातून निघालेल्या विजांच्या जागा बरोबर, संख्या बरोबर. पण वेळा? एका फेरीतल्या झाडून सगळ्या विजा एकाच क्षणी, फार तर दोन क्षणी पडलेल्या. त्या दोन क्षणांत अंतर नेमकं ६४ सेकंदांचं. महिन्याचा नकाशा काढला तर यातलं काहीच कळत नाही, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

६४ दिसलं की संगणकवाल्याचे कान टवकारायला हवेत. एलआयएसची वेळ म्हणजे १ जानेवारी १९९३पासून मोजलेले सेकंद. मे २०१८मध्येच ही संख्या ८० कोटींच्या पुढे गेली. फाइलमध्ये ती ६४ बिटांत नीट ठेवलेली असते, पण स्क्रिप्ट ती ३२ बिटांच्या फ्लोटमध्ये ओतत होती. त्यात साधारण सातच आकडे खरे राहतात. सात आकडी कॅल्क्युलेटरवर ८० कोटी लिहा बघू! शेवटचे आकडे गळणारच. दोनच्या घातांच्या हिशेबात, या आकाराच्या संख्यांसाठी ती पायरी बरोबर ६४ची येते. उपाय एका शब्दाचा: वेळ शेवटपर्यंत ‘डबल’मध्येच ठेवायची.

एवढं करूनही घड्याळ १० सेकंद पुढेच राहिलं. ही मोजणी अणुघड्याळाची असते, आणि १९९३ ते २०१७ दरम्यान जागतिक वेळेत १० लीप सेकंद घातले गेले. ते वजा करायचे. मग साडेपाच तास मिळवायचे, नाहीतर संध्याकाळी ४:४०ची वीज सकाळी ११:१०ला पडते. (अक्षांश-रेखांशांची अदलाबदल मात्र लगेच पकडली जाते. बदलापूर थेट नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात जातं.)

दहा सेकंदांनी काय बिघडतं? पुण्याच्या आयआयटीएमचं जमिनीवरचं सेन्सरजाळं आहे, ‘दामिनी’ अ‍ॅपचे इशारे त्यावर चालतात. त्या जाळ्याने किती विजा टिपल्या, हे मी एलआयएसशी जुळवून बघते, आणि ही जुळणी सेकंदाच्याही आतली असते. घड्याळ चुकलं की एकही जोडी जमत नाही. वाचण्यातली चूक सेन्सरच्या माथी बसते आणि अंबरनाथवर जाळं आंधळं आहे असं कागदावर येतं.

आता २०१७पासूनच्या सगळ्या फाइली पुन्हा वाचायला लावल्या आहेत.