भोर संस्थान : सचिवांचं राज्य

अष्टप्रधानांतलं सचिवपद मिळालेले शंकराजी नारायण हे संस्थानचे मूळ पुरुष. त्यांचे वंशज पुढे पंतसचिव म्हणून ओळखले गेले. इंग्रजी अमलात संस्थानला 9 तोफांची सलामी होती.

क्षेत्रफळ सुमारे 2300 चौरस किलोमीटर, म्हणजे आफ्रिकेतल्या मॉरिशसहून मोठं. सलग मात्र नाही. विचित्रगड, राजगड, प्रचंडगड, पवनमावळ आणि सुधागड हे पाच तालुके. विचित्रगड म्हणजे रोहिडा, प्रचंडगड म्हणजे तोरणा. सुधागड तर घाटाखाली, कोकणात! गडांच्या नावानं तालुके ओळखायची ही जुनी रीत 2024 मध्ये याच मुलखातल्या वेल्हे तालुक्याला पुन्हा लाभली: राज्य मंत्रिमंडळानं तालुक्याचं नाव ‘राजगड’ करायला मंजुरी दिली.

1879 मध्ये संस्थाननं स्वतःची टपाल तिकिटं काढली, अर्ध्या आण्याचं आणि एक आण्याचं. आज ती संग्राहकांकडेच सापडायची.

उत्पन्नाचा कणा शेती. पश्चिमेला धो धो पाऊस, खाचरांत भात, वरकस जमिनीत नाचणी आणि वरई. आंबेमोहोराचं नाव इथं अजून घेतात. वेळवंडी नदीवरचं भाटघरचं मोठं धरण इंग्रज सरकारनं 1920 च्या दशकात पुरं केलं. त्याचं पाणी नीरेच्या कालव्यांनी बारामती, इंदापूर, फलटणकडे जातं. ऊस तिकडे पिकला; धरणासाठी जमिनी गेल्या त्या मात्र मावळातल्या. हा हिशेब संस्थानी इतिहासात फारसा कुणी मांडत नाही.

मार्च 1948 मध्ये संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं. भोर, वेल्हे पुणे जिल्ह्यात आले, सुधागड कुलाबा जिल्ह्यात गेला.