राणे यांनी मोकळा केलेला रस्ता

लढाईच्या वर्णनात सॅपरचं, म्हणजे लष्करी अभियंत्याचं, काम बहुधा एका वाक्यात उरकतं: रस्ता मोकळा झाला, फौज पुढे गेली. सेकंड लेफ्टनंट राम राघोबा राणे यांच्या, १९४८च्या काश्मीर युद्धातल्या परमवीर चक्राच्या मानपत्रात मात्र घड्याळाच्या वेळा आहेत, आणि माझं मन त्या वेळांवरच अडून बसलं.

राणे कारवारजवळच्या चेंडियाचे, जन्म १९१८चा. १९४० साली बॉम्बे सॅपर्समध्ये भरती झाले, ब्रह्मदेशात जपान्यांशी लढले, डिसेंबर १९४७ मध्ये अधिकारी झाले. १९६८ला मेजर म्हणून निवृत्त, १९९४ला पुण्यात निधन. रणगाड्याखाली सरपटत, दोऱ्या ओढून चालकाला इशारे देत त्यांनी वाट काढल्याची गोष्ट नेहमी सांगितली जाते. मला त्याहून मोठे वाटतात ते त्यांच्या कामाचे तास.

८ एप्रिल १९४८. नौशेऱ्याहून राजौरीकडे निघालेल्या ४ डोग्रा पलटणीबरोबर ३७ असॉल्ट फील्ड कंपनीची त्यांची तुकडी होती. सुरुंग काढायला हात घालतात तोच उखळी तोफांचा मारा सुरू झाला. दोन सॅपर ठार, पाच जखमी. जखमींत खुद्द राणे. त्यांनी उरलेली माणसं गोळा केली आणि काम पुन्हा सुरू केलं. संध्याकाळी बरवालीची टेकडी हाती आली, तेव्हा रणगाड्यांसाठी बाजूने वाट काढायला घेतली. मशीनगन चालू असताना रात्री दहापर्यंत ते काम चाललं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला पुन्हा हजर. दुपारी तीनला वाट तयार झाली. अर्ध्या मैलावर रस्त्यात आडवी पाडलेली चीडची झाडं. ती सुरुंगाने उडवली. तीनशे यार्डांवर पुन्हा तेच. पुढे उडवलेली मोरी, तिला वळसा. सव्वासहाला उजेड सरत आला, तेव्हा समोर पाच मोठी झाडं, भोवती पेरलेले सुरुंग आणि वर मशीनगनचा नेम. राणे तेही काढायला बसले होते. रणगाड्यांच्या ताफ्याच्या कमांडरनेच रात्रीपुरतं थांबवलं.

१० तारखेला पहाटे पावणेपाचला काम सुरू, साडेसहाला तो अडथळा दूर. पुढचे हजार यार्ड म्हणजे अडथळे आणि खचवलेले बांध. ते साडेदहापर्यंत मोकळे केले. रणगाडे दुपारी दोनला राजौरीच्या वाटेवरच्या चिंगसला पोचले, राणे मात्र मागेच राहिले. रणगाडा रस्ता सोडूनही पुढे जाऊ शकतो; रसदीच्या गाडीला सरळ, पक्का रस्ता लागतो. अन्नपाणी, विश्रांती काही न घेता ते रात्री नऊपर्यंत राबले. ११ तारखेला सकाळी सहापासून पुन्हा सुरुवात; अकराला चिंगसपर्यंतचा रस्ता खुला झाला. तरीही ते रात्री दहापर्यंत चिंगसच्या पुढचा रस्ता साफ करत होते. १२ तारखेला फौज राजौरीत शिरली.

जखमी माणसाने चार दिवस केलेलं हे काम.  मला सलते ती एक गोष्ट: पहिल्याच दिवशी पडलेल्या त्या दोन सॅपरांची मानपत्रात नोंद आहे, नावं नाहीत.