डिस्प्ले येत नाही

तालुक्याच्या गावात कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान थाटलं ते १९९७ साली. तेव्हापासून गिऱ्हाइकाचं पहिलं वाक्य बदललेलं नाही : "डिस्प्ले येत नाही." त्याचा अर्थ मात्र दर पाच-सात वर्षांनी बदलत गेला.

सुरुवातीला दुखणं कानाला कळायचं. मशीन चालू केलं की आतला छोटा स्पीकर बोलायचा. एक लांब आणि दोन तोकडे बीप, म्हणजे डिस्प्ले कार्डाची कुरकुर. कार्ड उपसायचं, सोनेरी पट्ट्यांवर शाळेतलं खोडरबर फिरवायचं, पुन्हा दाबून बसवायचं. पुष्कळ प्रकरणं तिथंच मिटायची. (गिऱ्हाईक समोर असेल तर खोडरबर काढायला संकोच वाटे. त्याचे पैसे कुठल्या तोंडानं मागायचे?) पांढरा पडदा पिवळा दिसला तर केबलमधली निळ्या रंगाची पिन वाकलेली. एका कोपऱ्यात रंगांचे डाग पडले तर शेजारी स्पीकर ठेवलेला. त्याच्या लोहचुंबकाचा तो प्रताप. त्या १५ पिनांच्या केबलमध्ये नववी पिन बहुधा मुळातच नसते. पण "पिन तुटलीय, केबल बदलून द्या" म्हणून हुज्जत घालणारे मला दर महिन्याला भेटत.

खरा छळ सुरू व्हायचा फॉरमॅट मारल्यावर. ड्रायव्हर नाही म्हटल्यावर विंडोज ९८ थेट आयबीएमच्या १९८७ सालच्या व्हीजीएवर उतरायचं : ६४० बाय ४८०, रंग १६. आयकॉन विटांएवढे, आणि सेटिंगच्या काही चौकटी पडद्याहून उंच. ‘ओके’चं बटण खाली कुठंतरी गडप, मग टॅब मोजत मोजत एंटर. पीसी लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून जुळवलेला, त्यामुळे आत कुठलं कार्ड आहे ते मालकालाही ठाऊक नाही. ड्रायव्हरची सीडी मागावी तर ती रिक्षाच्या आरशाला चकाकत लटकलेली. मग झाकण उघडून बॅटरीच्या उजेडात चिपवरचा नंबर वाचायचा आणि फोनच्या तारेवरून ड्रायव्हर उतरवायचा. पाच एमबीला वीस-पंचवीस मिनिटं, तेवढ्यात घरात कुणी फोन उचलला की पुन्हा पहिल्यापासून. मॉडेमचा ड्रायव्हरही त्याच हरवलेल्या सीडीत असला की दुसऱ्याचं मशीन शोधत फिरायचं.

२००१ नंतर एमएस-सीआयटीची केंद्रं निघाली. एका केंद्रातली मुलं डोकं दुखतं म्हणून तासाला दांडी मारू लागली. जाऊन पाहिलं तर झाडून सगळे मॉनिटर ६० हर्ट्झवर, वर ट्यूबलाइटा. चित्र सेकंदाला साठदाच रंगवलं जात होतं आणि काचेच्या नळीवर ती लुकलुक डोळ्यांना टोचते. मी ७५ केलं. एका जुन्या मॉनिटरला ते झेपेना. त्यानं बारीक शीळ घातली, चित्र गुंडाळलं आणि पडदा काळा. केंद्राच्या बाई घाबरल्या. मी नुसता हात वर करून थांबलो. विंडोज १५ सेकंद वाट पाहतं; कुणी ‘हो’ म्हटलं नाही तर आधीची सेटिंग परत आणतं. या धंद्यात मला सगळ्यात शहाणी वाटलेली सोय तीच.

मॉनिटरनं आपली कुवत आधीच का सांगू नये? तशी तजवीज १९९४ मध्ये झाली होती. व्हेसा या संस्थेनं ठरवलं, की मॉनिटरनं १२८ बाइटांत स्वतःचा बायोडेटा ठेवावा आणि कार्डानं तो मागून घ्यावा. नाव ईडीआयडी. लग्नाच्या स्थळासारखंच : कूळ, उंची, अपेक्षा. पण स्वस्त केबलमध्ये नेमकी तो बायोडेटा नेणारी तारच नसायची. आणि सपाट पडदे आल्यावर वेगळीच गंमत झाली. १३६६ बाय ७६८ चे मॉनिटर घरोघर पोचले, पण त्या बायोडेटाच्या एका रकान्यात रुंदी आठच्या पटीतच लिहिता येते आणि १३६६ ला आठानं भाग जात नाही. काही कार्डं १३६० वर अडून बसत. अक्षरं किंचित पुसट दिसत आणि गिऱ्हाईक चष्म्याचा नंबर तपासून येई.

एक्सपीच्या काळात जरा उसंत मिळाली होती. २००७ च्या जानेवारीत व्हिस्टा बाजारात आलं आणि ती संपली. ड्रायव्हर लिहिण्याची पद्धतच बदलली, कालची कार्डं एका रात्रीत परकी झाली. ‘डिस्प्ले ड्रायव्हर थांबला होता, आता सावरला आहे’ अशा अर्थाची सूचना दिवसातून चारदा झळकायची. मी स्वतःच्या हाताला दोष देत होतो. पुढं अमेरिकेतल्या एका खटल्यात मायक्रोसॉफ्टची अंतर्गत कागदपत्रं उघड झाली. व्हिस्टाच्या २००७ मधल्या नोंदल्या गेलेल्या क्रॅशपैकी जवळपास २९ टक्के एनव्हिडियाच्या ड्रायव्हरांमुळे होते. वाचून मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू!

विंडोज १० आल्यावर ड्रायव्हर आपोआप येऊ लागले, सीडी गेल्या, बीपही गेले. मग २०२० चा लॉकडाउन. लॅपटॉप टीव्हीला जोडून काम करणाऱ्यांचे फोन : "खालची पट्टीच दिसत नाही." जुन्या टीव्हीच्या नळीची कड वेडीवाकडी असे, म्हणून चित्र थोडं मोठं करून कडा झाकत. नळ्या गेल्या तरी सवय गेली नाही, नवा टीव्हीही कडा कापतो. सेटिंगमध्ये ‘जस्ट स्कॅन’ किंवा ‘स्क्रीन फिट’ शोधा, एवढं मी फोनवरच सांगायचो. या सल्ल्याचे पैसेही कधी मागता आले नाहीत.

आता मॉनिटर ‘नो सिग्नल’ म्हणतो आणि गप्प बसतो. महागडं ग्राफिक्स कार्ड घेऊन एचडीएमआयची केबल मदरबोर्डला खोचणारे येतात. यूएसबी-सीच्या भोकात चित्र येईल म्हणून आलेले येतात; त्यांची केबल फक्त चार्जिंगची निघते. खोडरबर अजून ड्रॉवरमध्ये आहे, पण बोटं आता मेनूतच फिरतात.

गेल्या महिन्यात शेजारचा एक मुलगा १४४ हर्ट्झचा गेमिंग मॉनिटर घेऊन आला. दोन वर्षं वापरतोय, पण "काका, जाहिरातीत दाखवतात तसं वाटत नाही." सेटिंग उघडली. ६०. इतकी वर्षं कुणी हात लावला नव्हता. मी १४४ निवडलं, पडदा क्षणभर काळा झाला आणि तो दचकला. मग चित्र आलं आणि मधोमध तीच चौकट, उलटे आकडे मोजत : पंधरा, चौदा, तेरा. "दाब," मी म्हटलं.