खाऱ्या वाऱ्याचे रसायन

किनाऱ्यावरच्या हवेत मीठ येते ते लाटेच्या फेसातून. लाट फुटताना पाण्यात हवा कोंडते, तिचे बुडबुडे वर येऊन फुटतात आणि त्यांच्या पातळ पापुद्र्याचे सूक्ष्म तुषार उडतात. बुडबुड्याच्या जागी झालेल्या खळग्यातून पाण्याची बारीक धार उसळते, तिचेही थेंब सुटतात. मोठे थेंब लगेच खाली बसतात, बारीक थेंब वाऱ्याबरोबर दूर जातात. समुद्राच्या एक किलो पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. थेंब सुकला की त्यातले क्षार कणरूपाने हवेत तरंगत राहतात. सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या आसपास पोहोचली की हा कण पाणी ओढून पुन्हा विरघळतो. कोकणात खिडक्यांचे गज आणि पत्रे लवकर गंजतात ते या खाऱ्या ओलीमुळे.

किनाऱ्यावर शहर असेल, तर हे मीठ मूळ रूपात टिकत नाही. धुरातल्या नायट्रोजन ऑक्साइडांपासून हवेत नायट्रिक आम्ल बनते. ते मिठाच्या कणावर बसले की सोडियम नायट्रेट तयार होते आणि क्लोरीन हायड्रोजन क्लोराइड वायूच्या रूपाने निसटतो. हा बदल मोजता येतो. पंपाने हवा ओढून गाळणकागदावर कण धरतात, कागद शुद्ध पाण्यात भिजवून विरघळलेले आयन मोजतात. समुद्राच्या पाण्यात क्लोराइड वजनाने सोडियमच्या सुमारे १.८ पट असते. कागदावर ते बरेच कमी भरले, तर कणाची आम्लाशी गाठ पडलेली असते. सल्फेटचा हिशेबही असाच. ते सोडियमच्या पावपटीहून जितके जास्त, तितके मिठाबाहेरचे.

रात्रीची रासायनिक क्रिया निराळी, आणि अधिक विलक्षण. अंधारात बनणारा डायनायट्रोजन पेंटॉक्साइड खाऱ्या कणांवर नायट्रिल क्लोराइड हा वायू तयार करतो. सकाळचे ऊन पडताच तो फुटतो आणि मोकळे झालेले क्लोरीनचे अणू हवेतल्या हायड्रोकार्बनांवर तुटून पडतात, त्यामुळे ओझोन बनण्याची साखळी लवकर सुरू होते. समुद्राच्या हवेला सरसकट शुद्ध मानणे म्हणूनच अपुरे आहे. मुंबईसारख्या शहरात मतलई वारे रात्री जो धूर समुद्रावर नेतात, त्यातला काही भाग दुपारचे खारे वारे परत आणतात, आणि तोवर त्याचे रसायन बदललेले असते. उलट, समुद्र ओझोन शोषूनही घेतो: पृष्ठभागावरचे आयोडाइड त्याच्याशी संयोग पावते आणि आयोडीनची संयुगे हवेत सुटतात.

पाण्यातले जीवही हवेत भर घालतात. वनस्पतिप्लवकांपासून डायमिथिल सल्फाइड सुटतो. समुद्राच्या ओळखीच्या वासात त्याचा वाटा असतो, आणि हवेत त्याचे पुढे सल्फेट कण होतात. भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर याहून गंभीर एक प्रक्रिया चालते. पावसाळ्याच्या उत्तरार्धात खोल पाणी उथळ भागावर चढते, वर गोड्या पाण्याचा पातळ थर असतो, आणि खालचा प्राणवायू संपत येतो. तेव्हा जीवाणू नायट्रेट वापरू लागतात व नायट्रस ऑक्साइड बनतो. गोव्यातल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे एस. डब्ल्यू. ए. नक्वी आणि सहकाऱ्यांनी २००० साली हे निष्कर्ष प्रसिद्ध केले. हा वायू शतकभर वातावरणात टिकतो, कार्बन डायऑक्साइडच्या कित्येक पट उष्णता धरतो आणि वरच्या थरात पोहोचल्यावर तिथला ओझोन कमी करतो.