दोन महिन्यांच्या गोळ्या

मे सरत आलाय. पाटण तालुक्यातल्या डोंगरउतारावरच्या या उपकेंद्रात आज बीपी-शुगरचा वार आहे. व्हरांड्यात बाकावर सात-आठ बायका, दोन म्हातारे आणि खांबाला टेकून उभा असलेला पन्नाशीचा एक माणूस. आत समुदाय आरोग्य अधिकारी, म्हणजे सीएचओ मॅडम, एका आजींच्या दंडाला पट्टा गुंडाळतायत. आजींना सुनेबद्दल काहीतरी सांगायचंय. "आता बोलायचं नाही आजी. पाय खाली टेकवा, हात टेबलावर." पट्टा फुगतो, सैल होतो. 162/94. थोडं थांबून मॅडम पुन्हा मोजतात. 158/92.

"गोळी घेताय ना?"

"घेत व्हते. बरं वाटाय लागलं, मग कशाला खायाची?"

सकाळपासून हेच उत्तर वेगवेगळ्या तोंडून ऐकतेय. रक्तदाब दुखत नाही, ठणकत नाही. शेणघाण, पाणी, रान सगळं चालू असतं आणि एक दिवस अर्धं अंग लुळं पडतं. मॅडम रागावत नाहीत. अ‍ॅम्लोडिपिनच्या तीन पट्ट्या मोजून देतात, कार्डावर तारीख घालतात, मोबाइलमध्ये नोंद करतात. पुढच्या महिन्यात आजी आल्या नाहीत, तर त्यांचं नाव न आलेल्यांच्या यादीत दिसेल.

ही यादी उभी राहायला पैसा लागला. नोव्हेंबर 2017मध्ये भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम पाच राज्यांतल्या 25 जिल्ह्यांत सुरू झाला. महाराष्ट्रातून भंडारा, वर्धा, सिंधुदुर्ग आणि हा सातारा. आरोग्य मंत्रालय, आयसीएमआर, जागतिक आरोग्य संघटना यांच्या जोडीला 'रिझॉल्व्ह टू सेव्ह लाइव्ह्ज' ही संस्था होती. जगभरच्या कामासाठी तिला त्याच वर्षी ब्लूमबर्ग, गेट्स आणि चॅन-झुकरबर्ग यांच्या संस्थांकडून 22.5 कोटी डॉलरचा निधी मिळाला होता. बाहेरच्या निधीतून तांत्रिक मदत आली, देखरेखीची माणसं आली, नोंदींची शिस्त आली. गोळ्या मात्र सरकारच्याच. राष्ट्रीय आरोग्य अभियानात केंद्राचे 60 टक्के, राज्याचे 40. ही वाटणी मला फार महत्त्वाची वाटते. निधीची मुदत कधीतरी संपणार. या आजींना गोळी जन्मभर लागणार. ती गोळी दूरच्या देणगीवर अवलंबून ठेवून चालणार नव्हतं.

खांबापाशी उभा असलेला माणूस आत येतो. वाशीच्या मार्केटात माथाडी आहे, भावकीतल्या लग्नाला गावी आलाय. 170/104. गोळ्या कधीच संपल्यात.

"तिकडं सरकारी दवाखान्यात का नाही गेलात?"

"जायाचं कधी मॅडम? दवाखाना उघडा असतो तवा आमी मालाखाली असतो."

त्याचं नाव साताऱ्याच्या यादीत आहे आणि वर्षाचे बहुतेक दिवस तो नवी मुंबईत आहे. इथल्या कितीतरी घरांतले कर्ते पुरुष असेच. पैसा जिल्ह्यावार येतो, माणूस मात्र दोन जिल्ह्यांत जगतो. ही फट कोणत्याही आराखड्यात आधी भरायला हवी. मॅडम खिडकीशी जातात, कारण रेंज तिथेच मिळते. ई-संजीवनी या सरकारी दूरसल्ला सेवेवर डॉक्टर लागतात, डोस ठरतो. औषधाचं नाव त्या कार्डावर ठळक लिहून देतात आणि त्याच्याकडून दोनदा वाचून घेतात.

आशाताई दारात भिंतीला टेकून बसल्यात, मांडीवर फॉर्मचा गठ्ठा. तीस वर्षांवरच्या प्रत्येकाचा एक फॉर्म: तंबाखू खाता का, कंबर किती, घरात कुणाला शुगर आहे का. आशाताईंना एका फॉर्मचे 10 रुपये. ज्याला बीपी किंवा शुगर निघाली त्याच्यामागे सहा महिने लागून राहायचे 50. बीपीचं मशीन एकदा विकत घेतलं की घेतलं. गोळी सोडलेल्याचं दार पुन्हा पुन्हा वाजवावं लागतं. सगळा कार्यक्रम ज्या पायांवर उभा आहे, त्यांना इतके कमी पैसे देणं मला पटत नाही.

शेवटी वरच्या धनगरवाड्यातल्या एक आजी येतात. 134/82. "छान!" मॅडमचा चेहरा खुलतो.

"मग गणपतीपातुर गोळ्या द्या. एकदा वढा चढला की खाली येनं व्हत न्हाय."

मॅडम कपाट उघडून पट्ट्या मोजतात, बाहेरच्या बाकाकडे बघतात, पुन्हा मोजतात. खिडकीशी जाऊन डॉक्टरांना विचारतात. दोन महिन्यांच्या देता येतील, त्याहून जास्त नाही.

"तिसऱ्या महिन्याच्या मी आणते ओढ्याच्या अलीकडं," आशाताई म्हणतात. "पलीकडं नातवाला धाडा."

"नातू नगं. त्यो खेळत बसल. सून यील."

आशाताई सुनेचा नंबर विचारतात आणि फॉर्मच्या मागे लिहून घेतात.