मत बनतें कोठें?

निवडणूक जवळ आली म्हणजे प्रत्येक सुशिक्षित गृहस्थास असें वाटतें कीं, आपण दोन्ही पक्षांचें म्हणणें ऐकून, वर्तमानपत्रें वाचून व विवेकाच्या तराजूंत सर्व तोलून मत ठरवितों. हा समज सुखाचा खरा. पण तो कसोटीस कितपत उतरतो?

ही कसोटी पॉल लाझार्सफेल्ड या समाजशास्त्रज्ञानें मोठ्या चिकाटीनें लावून पाहिली. व्हिएन्ना येथें गणिताचें अध्ययन करून पुढें अमेरिकेंत स्थायिक झालेल्या या विद्वानानें १९४० सालीं ओहायो संस्थानांतील ईरी परगणा निवडला. अध्यक्षपदासाठीं रूझवेल्ट व विल्की यांची झुंज चालू होती. मे ते नोव्हेंबर दरमहा ६०० मतदारांस त्याच्या साहाय्यकांनीं गांठून विचारिलें : मत कोणास देणार, आणि कां? या चौकशीचे निष्कर्ष १९४४ सालीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध झाले.

व्याख्यानें, रेडिओ व वृत्तपत्रें यांच्या माऱ्यानें माणसें इकडचीं तिकडे होतील अशी अपेक्षा होती. दिसलें तें निराळेंच. जवळजवळ निम्म्या लोकांचा निश्चय प्रचारास रंग चढण्यापूर्वींच झालेला होता. एका पक्षास सोडून दुसऱ्याकडे गेलेले शेंकडा ८ च्या आसपास भरले. बहुतेक लोक आपल्याच बाजूचें लिखाण वाचीत व भाषण ऐकत. त्यामुळें प्रचारानें मत पालटण्याऐवजीं पक्कें होई. ज्यांचा निश्चय डळमळत होता, त्यांच्यावर रेडिओपेक्षां शेजारी, मित्र व आप्त यांच्या साध्या बोलण्याचाच परिणाम अधिक झालेला आढळला.

घरासंबंधींचा आंकडा तर विचार करावयास लावणारा आहे. मत दिलेल्या ४१३ जणांपैकीं, आपल्या कुटुंबांत कोणी निराळें मत दिलें असें सांगणारे शेंकडा अवघे ४ निघाले!

एका चुलीवर जेवणाऱ्यांचे अनुभव व हितसंबंध पुष्कळ अंशीं एकच असतात; तेव्हां एकमत होण्यांत वावगें कांहीं नाहीं. पण याच चौकशींत असेंही दिसलें कीं, ज्यांस दोन बाजूंची ओढ होती, ते निर्णय लांबणीवर टाकीत आणि पुष्कळदां निवडणुकींतील त्यांचें लक्षच उडून जाई. आपल्या घरांतील एखादी सून किंवा धाकटा पुतण्या "मला त्यांतलें कळत नाहीं" म्हणतो, तेव्हां तें अज्ञानच असतें असें नाहीं. वडिलांस न दुखवितां वाद टाळण्याची ती सभ्य वाटही असूं शकेल.

ईरी हा दूरचा एक परगणा. त्याचा दाखला आपणांस जसाच्या तसा लागू पडेल असें नव्हे. तथापि आपल्या देशांत १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीपासून प्रत्येक प्रौढ स्त्रीपुरुषास स्वतंत्र व गुप्त मताचा अधिकार आहे. कायद्यानें मतदानास आडोसा दिला. घरांतल्या पंगतीस तसा आडोसा नसतो. यास्तव पुढील निवडणुकीची गोष्ट जेवतांना निघेल, तेव्हां वडीलधाऱ्यांनीं आपलें मत शेवटीं सांगावें आणि सर्वांत धाकट्या मतदारास प्रथम बोलूं द्यावें. त्याचें उत्तर आपल्याहून निराळें आलें, तर रागावण्यापूर्वीं एकदां "कां?" एवढेंच विचारावें.